कारणाचा रकाना

नवतपा लागला की मी पहाटे चारलाच कुरणात असतो.
काटोल नाक्याच्या पलीकडे, जाळीच्या आत
एकोणपन्नास काळविटं, एकतीस चितळं
आणि एक नीलगाय, जिला कोणी आणलं ते कागदावर नाही.

पाठी मोजल्या तर नेहमी दोन कमी भरतात.
कान मोजायचे, मग अर्धे करायचे.
अंगावर रोज तोच खाकी सदरा. धावायचं नाही.
हे जनावर धरलं तर जखमेनं मरत नाही, धास्तीनं मरतं.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो
आणि ती पहिल्याच दिवशी धावतात.

साडेसहाला खिलेशचा फोन.
बहिणीचा मुलगा, तुमसरचा, आता टेक्सासात
हजार एकर तारेच्या आत जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली.
माझी सकाळ झालेली, तो अजून कालच्या संध्याकाळी.
फोन फिरवून दाखवतो :
"मामाजी, पाहा, आपलेच होय हे."

आणि खरंच.
तीच काळी पाठ, डोळ्याभोवती तेच पांढरं कडं,
मान मागे टाकून चालायची तीच ऐट.
फक्त मागे एक झाड, ज्याचं नाव मला येत नाही.

"इथं याईले परदेशी म्हणतेत.
पणज्याच्या पणज्यापासून इथंच जन्मून राहिले, तरी."
मी विचारलं, "अन् तुले?"
तो हसला. नेटवर्क जरा अडकलं.

शिंगाला तिथं इंचावर भाव आहे.
पिळापिळानं टेप फिरवतात,
अठराच्या वर गेलं की गिऱ्हाईक वेगळं.
इथं चितळानं टाकलेलं शिंग नुसतं सापडलं
तरी पंचनामा, दोन साक्षीदार, सीलबंद पोतं.
मागल्या साली जाळली तेव्हा केस जळाल्याचा वास सुटला
आणि ठेकेदार लांब उभा राहून शिंकला.

ठेकेदार म्हणजे आमचा थोरला नर.
रोज हद्द फिरतो, ठरल्या कोपऱ्यात लेंड्या टाकतो,
ठरल्या काडीला डोळ्याखालचा ओलावा पुसतो
आणि काम पास केल्यासारखा परततो.
उन्हाळ्यात त्याचा काळा उतरतो,
चहात दूध जास्त पडावं तसा.

"मामाजी, इथले हाकेले येतच नाहीत.
मशीनीतून मका सांडला का येतेत.
तुम्ही कसे बलवता? एकदा बलवा ना."

मी लाजलो.
ती हाक म्हणजे धड शब्दही नाही,
जिभेच्या मागून निघतं काहीतरी, बा आणि या यांच्या मधलं.
बाप गुरं राखायचा, त्याच्याकडून आलेलं.
कोणी माग म्हटलं म्हणून आजवर दिलेली नाही.
फोन तोंडाशी धरला आणि दिली.

पडद्यावर एकही कान हलला नाही.
एक मादी रवंथ करत होती, करतच राहिली.
"आवाज कमी पडला," खिलेश म्हणाला, "उद्या स्पीकर आणतो."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे माती वाजली.
वळून पाहिलं तर सगळे.
काळविटं, चितळं, ती बिनकागदाची नीलगायसुद्धा,
गव्हाणीपाशी माना वर करून.
चाऱ्याला अजून अर्धा तास होता.
ठेकेदार सगळ्यांत मागे,
आलोच नाही असं दाखवत.

बोलावलं, तर रिकाम्या तोंडानं कसं पाठवायचं?
संध्याकाळच्या वाट्यातली लसूणघास उपसली,
वर मूठ मूठ ढेप, थोडं मीठ.
फोन खांबावर उताणा ठेवला होता,
त्यातून खिलेश बराच वेळ आभाळ पाहत राहिला,
काही बोलला नाही.

नोंदवहीत लिहिलं : सकाळी, जादा, दोन टोपली.
पुढे कारणाचा रकाना असतो.
आधी "चुकून" लिहिलं, खोडलं.
मग लिहिलं, भाचा आला होता.